मूल लंगडते तेव्हा

मधल्या सुट्टीची घंटा झाली की सारी मुले अंगणात धावतात. त्यांत एखादेच मागे राहते, एक पाय जपून टाकते. भोकरच्या शाळेत काय अन् शेजारच्या वाडी-तांड्यावर काय, असे मूल दिसले की पूर्वी मंडळी म्हणत, "पोलिओ असेल," आणि विषय तिथेच संपे.

आता तसे म्हणून भागणार नाही. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा आपल्या देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. डोस अर्थातच चुकवायचे नाहीत, आणि पाय एकाएकी लुळा पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचे. पण लंगडण्याला बहुधा दुसरेच कारण असते, आणि ते वेळेवर कळले तर पुष्कळदा बरे होते.

मी वैद्य नव्हे. जाणकारांकडून समजून घेतले ते सांगतो. प्रथम तळवा पाहा. बाभळीचा काटा, फोड, चावणारी चप्पल हे काही वेळा पुरेसे कारण असते. पडल्या-झडल्याची चौकशी करा. लहान मुलाचे हाड सूज न येताही चिरते.

मग वय विचारा. चालू लागल्यापासूनच, न दुखता, मूल बदकासारखे झुलत चालत असेल, तर खुब्याचा सांधा जन्मतः निसटलेला असू शकतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो ठिसूळ होतो. दहा ते सोळा वर्षांत, विशेषतः अंगाने जाड मुलांत, तोच गोळा जागचा सरकतो. आठवडेच्या आठवडे दुखणे, वजन घटणे, संध्याकाळी कणकण, अशी लक्षणे असतील तर क्षयाची तपासणी करावी.

एक गोष्ट विसरू नका. मूल गुडघा दुखतो म्हणते, पण दुखणे खुब्यात असते. आपण गुडघ्याला तेल चोळत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

पारख सोपी आहे. मुलाला एका पायावर उभे करा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर टेकलेल्या पायाचा खुबा कमजोर समजा. दोन्ही पायांची लांबी ताडून पाहा. अंगाला हात लावून ताप पाहा.

ताप आहे आणि मूल पाय टेकूच देत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तो काही दिवसांतच सांधा खाऊन टाकतो आणि मूल जन्माचे अधू होते. तेव्हा चोळणे नको, हाडवैद्य नको, उद्या बघू नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथून सांगितले तर नांदेडचे विष्णुपुरीचे रुग्णालय. सर्दी-पडशानंतर खुबा दुखून आपोआप बराही होतो; पण तो निवाडा डॉक्टरांनी करावा, घरच्यांनी नव्हे.

गुरुजी, बाई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत व अंगणवाडीत तपासणीला येते. असे मूल त्यांच्यापुढे आवर्जून उभे करा. कारण ते कसे चालते हे आईइतकेच रोज पाहणारे तुम्हीच.