मार्गशीर्षातलं वाळवण

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्याचा, पऱ्हाटीचा, तुरीचा मुलूख. 1956 पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिले. 2023 मध्ये त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. कागद हिंदीत चालतो, चूल मात्र विदर्भाचीच आहे. चैत्र-वैशाखात इथल्या गच्चीवर मुंगवड्या, कुरडया, सरगुंडे, पापड, गवार, कैरी असं सगळं वाळतं. अळंबी तेवढी त्या चादरीवर कधी दिसत नाही.

याचं कारण आवडीनिवडीत नाही, पंचांगात आहे. विदर्भात सात्या किंवा टेकोडे म्हणून ज्या रानअळंब्या जिभेवर आहेत, त्या आषाढ-श्रावणात येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते, त्याच्या मागचेपुढचे हे दिवस. सात्या उगवतात वारुळातून. वाळवी वाळका पालापाचोळा आणि लाकूड जमिनीखाली नेते, त्याचा जाळीदार पोळ्यासारखा थर रचते आणि त्यावर बुरशी पोसते. लाकूड पचवायचं अवघड काम बुरशी करते, वाळवी तयार अन्न खाते. पाऊस मुरला की या बुरशीची छत्री माती फोडून वर येते. या कुळाला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये दिलं. वाळवीवाचून तिची व्यापारी शेती माणसाला अजून साधलेली नाही.

अशी भाजी सकाळी मिळते आणि रात्रीच्या आत संपवावी लागते. दुसऱ्या दिवशी तिला वास येतो, अळ्या होतात. आणि आभाळ तर असं की धुतलेलं धोतरही वाळत नाही. काश्मीर-हिमाचलातली गुच्छी वसंतात येते, तिच्या मागून कोरडं ऊन येतं, म्हणून तिथे ती दोऱ्यात ओवून वाळवायची रीत पडली. आपल्याकडे अळंबी आणि ऊन यांची गाठच पडत नाही.

ती पडते धिंगरीमुळे. ही लागवडीची अळंबी. तिला 20 ते 30 अंश तापमान आणि 80-85 टक्के ओलावा लागतो. दिवाळीनंतर इथे असं तापमान आपोआप मिळतं, ओलावा मात्र गोणपाट भिजवून राखावा लागतो. तिचं खाद्य म्हणजे सोयाबीनचं कुटार, गव्हांडा, असं वावरातलं उरलंसुरलं. कुटार रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळायचं आणि थराथराने बी पेरत पिशवीत भरायचं. तीनेक आठवड्यांत पहिली तोडणी येते. शिकायचं तर सोलनला 1983 पासून देशाचं अळंबी संशोधन केंद्र आहे, जवळचं म्हणाल तर छिंदवाड्यालाच कृषी विज्ञान केंद्र. लागवडीच्या बंद खोलीत जाताना नाकावर फडकं बांधावं. धिंगरीचे बीजाणू खोकला लावतात. खोलीत ओल जपायची आणि गच्चीवर तीच ओल घालवायची, असा हा उलटासुलटा उद्योग आहे. पण मार्गशीर्षातला इथला वारा इतका कोरडा की दुसरं काम अर्धं तोच करतो.

वाळवायची धिंगरी धुवायची नाही. देठाची चिवट गाठ काढून, कुटाराची काडी पुसून, हातानेच उभ्या पट्ट्या फाडायच्या. सुरीपेक्षा हे बरं, कारण ती धाग्यावरच फाटते. खाटेवर पातळ सुती कापड घालून एकावर एक न येतील अशा पसरायच्या. भर दुपारी पहिले एक-दोन तास पाकळ्यांची बाजू वर ठेवली, तर अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलचं उन्हातल्या अतिनील किरणांनी ड-2 जीवनसत्त्व होतं. तोडल्यानंतरही ही क्रिया चालते. रात्री दव पडायच्या आत सगळं घरात. दोन-तीन दिवसांत पट्टी वाकायची थांबते आणि कटकन मोडते. वाकली तर ती वाळलेली नाही, मग डब्यात बुरशी ठरलेली. ताज्या धिंगरीत दहात नऊ भाग पाणीच असतं, तेव्हा किलोची जेमतेम शंभर ग्रॅम उरते. ते पाहून जीव हळहळतो खरा. पांढरी बटन अळंबी अशी वाळवू नये, असं माझं मत आहे. ती काळवंडते, चामट होते आणि चवीत फार काही देत नाही.

वाळवल्याने चव नुसती टिकत नाही, बदलते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा कुनिनाका यांनी 1957 मध्ये ग्वानिलेट या घटकाची चव ओळखली. वाळलेल्या शिताके अळंबीचा रस त्यानेच भरदार होतो. वाळताना पेशी फुटतात आणि भिजवून हळूहळू तापवताना हा घटक तयार होतो. टमाट्यातल्या ग्लुटामेटशी त्याची जोडी जमली की दोघांची चव बेरजेपेक्षा जास्त होते. धिंगरीत तो शिताकेइतका नसतो, पण आपल्या रश्शाला पुरतो.

पट्ट्या आधी भरकन धुऊन घ्याव्यात, मग कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं. ते पाणी फेकणं म्हणजे चव फेकणं; तळाचा गाळ सोडून फडक्यातून गाळून ठेवावं. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून खसखस, धणे, दगडफुलासोबत वाटावं. अळंबी नवी वाटणाऱ्यांना एक सांगायला हवं: दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, त्यामुळे वाळलेली बुरशी आपल्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पिळलेल्या पट्ट्या आधी जवसाच्या तेलात पाणी आटेपर्यंत परतायच्या, मग वाटण, तिखट, एखादा टमाटा, शेवटी गाळलेलं पाणी आणि मंद आच. मीठ चाखूनच घालावं. वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकर. मूठभर मुंगवड्या तळून टाकल्या तर रस्सा त्याच पितात आणि अळंबीला मागे टाकतात.

हे सगळं लागवडीच्या अळंबीबद्दल. रानातली वाळवून ठेवण्याचा मोह झाला तरी ओळखणारं माणूस सोबत नसेल तर टाळावा. जीवघेण्या अमानिटातलं विष उन्हाने जात नाही, शिजवूनही जात नाही. चांदीचा रुपया काळा पडतो का, लसूण रंग बदलतो का, या परीक्षांना काही अर्थ नाही. वाईट हे की उलट्या-जुलाब सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात, मध्येच थांबून बरं वाटतं, आणि तोवर यकृत बिघडत असतं.

घरच्या डब्याचा शत्रू मात्र मृगाचा पाऊस. काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारं फडताळ एवढं केलं तरी ज्येष्ठ संपताना एक पट्टी मोडून पाहावी. नरम लागली तर सगळ्या पट्ट्या कोमट तव्यावर फिरवून, पूर्ण निवू देऊन मग भराव्यात. उरलासुरला चुरा मिक्सरमधून काढला की झुणक्यात चमचाभर पुरतो.