आल्प्सच्या आगगाडीचे तिकीट : एका व्यापाऱ्याचा हिशेब

धूलकोटच्या धान्यव्यवहारात आयुष्य गेलेल्या मनुष्यास आगगाडी म्हटली की बऱ्हाणपूरचे स्थानक आठवते. गतवर्षी मात्र चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता, मुलगा, सून व नऊ वर्षांचा नातू असे पाचजण स्वित्झर्लंडला जाऊन आलो.

तेथे प्रवाशांपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, ३, ४, ६, ८ वा १५ सलग दिवसांचा पास. त्यावर आगगाडी, बस व सरोवरातील बोटींतून कितीही फिरावे. दुसरा, महिनाभर चालणारे अर्ध्या भाड्याचे कार्ड. एका गावी राहून दोन-तीन सहली करणाऱ्यास कार्ड पुरते. रोज गाव बदलणाऱ्यास पास बरा. आम्ही सहा दिवसांचा पास घेतला.

तथापि पासात सर्व काही येत नाही. १८७१ साली सुरू झालेली रिगी पर्वतावरील गाडी त्यात येते. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोखच्या अखेरच्या टप्प्यास केवळ सवलत मिळते. ग्लेशियर एक्सप्रेसच्या आरक्षणाचे पैसे वेगळे.

सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांस कौटुंबिक कार्डावर भाडे पडत नाही. सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले, तेव्हा मुलगा व सून त्यांच्यापाशी थांबतील आणि मी नातवास रिगीवर नेईन, असे ठरले. निघताना सूनबाईंनी नियम वाचून दाखविला : सोबत आई किंवा वडील हवेत, आजोबा चालत नाहीत! नातवाचे तोंड उतरले. अखेर सूनबाई आमच्याबरोबर आल्या, मुलगा आईजवळ राहिला.

माल घेताना आपण आधी नमुना पाहतो, मग भाव बोलतो. तिकिटाचा नमुना म्हणजे त्याचे नियम. ते घरीच, सर्वांनी मिळून वाचावेत.