लाऊ द्रोणीखालचे कवच आणि प्रावरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नैर्ऋत्य पॅसिफिक महासागरात टोंगा खंदकापाशी पॅसिफिक भूपट्ट पश्चिमेकडे खोल उतरत जातो. त्याच्या वर ज्वालामुखी बेटांचा चाप उभा राहिला असून, त्या चापामागे ताणला जाऊन रुंदावत चाललेला सागरतळ म्हणजे लाऊ द्रोणी होय. अशा द्रोणीला चापपश्च द्रोणी म्हणतात आणि अंदमान समुद्रही याच प्रकारात मोडतो.

गैरसमज : दोन भूपट्ट एकमेकांवर येतात तेथे भूकवच केवळ दाबले जाते.
वस्तुस्थिती : खाली जाणारा भूपट्ट स्वतःच्या भाराने खचत असताना लाऊच्या बाबतीत खंदकच पूर्वेकडे सरकत गेला, त्यामुळे वरचा भूपट्ट ताणला जाऊन फाटला आणि त्या फटीत वर आलेल्या शिलारसापासून नवे कवच घडत राहिले.

गैरसमज : कवचाखालचे प्रावरण म्हणजे शिलारसाचा समुद्र आहे.
वस्तुस्थिती : खडकाला आडवे हलवत जाणारे दुय्यम भूकंपतरंग द्रवातून पुढे जाऊ शकत नाहीत, मात्र प्रावरणातून ते जातात, म्हणजे प्रावरण घनच आहे, जरी ते लक्षावधी वर्षांच्या कालमानात अतिशय संथपणे वाहत असले तरी. शिलारस असतो तो खनिजकणांच्या सांदीत, अल्प प्रमाणात, आणि तेवढ्यानेही या तरंगांचा वेग लक्षणीय घटतो.

गैरसमज : एकाच मोजणीतून तळापासून खोलवरचे सारे चित्र मिळते.
वस्तुस्थिती : कवचासाठी जहाजावरील हवाबंदुकांतून दाबाखालची हवा पाण्यात सोडून तरंग निर्माण करतात आणि सागरतळावरील भूकंपमापकांनी ते टिपतात, प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे 7 किलोमीटरवरून 8 किलोमीटरपर्यंत वाढतो, तेथे कवच संपून प्रावरण सुरू होते. त्याहून खोल प्रावरणासाठी नैसर्गिक भूकंपांचे तरंग लागतात, आणि टोंगाखाली तर सुमारे 700 किलोमीटर खोलीपर्यंत भूकंप होतात.

गैरसमज : पाणी जास्त तेथे वितळणे जास्त, म्हणून तेथेच तरंग सर्वांत मंद असणार.
वस्तुस्थिती : खाली जाणाऱ्या भूपट्टातून सुटणारे पाणी खडकाचा वितळणबिंदू उतरवते, हे खरेच, तरीही 2009-10 मध्ये लाऊ द्रोणीच्या तळावर ठेवलेल्या भूकंपमापकांच्या नोंदींवरून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या दक्षिण भागाखाली वेगातील घट उलट कमी आढळली. पाण्यामुळे शिलारस अधिक सुलभतेने वर निसटतो आणि मागे कमी उरतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

भूकंपतरंग मोजून देतात तो केवळ वेग. तापमान, पाणी, शिलारस आणि खडकाची घडण यांपैकी कशामुळे तो बदलला, हे ठरवण्यासाठी सागरतळावरून आणलेल्या लाव्हाचे रासायनिक पृथक्करणही तितक्याच गांभीर्याने विचारात घ्यावे लागते.