पंतांची सुई

सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात या दोन वेळा आमच्या घरात कसोशीने पाळल्या जातात. देवपूजा मागेपुढे झाली तर देव सांभाळून घेतो, कॉलेजात पाच मिनिटे उशीर झाला तर विद्यार्थी आनंदाने सांभाळून घेतात. पण या दोन वेळांना क्षमा नाही. ही शिस्त आम्हांला ज्यांनी लावली ते कोणी कडक वडीलधारे नव्हेत. ते आमचे पंत. पंत म्हणजे आमच्या घरचा बोका.

अंगाने पांढराशुभ्र आणि डोक्यावर मात्र काळी पगडी ठेवावी तसा ठिपका, म्हणून पंत. वय सुमारे नऊ वर्षे. तरुणपणीच शस्त्रक्रिया झाल्यामुळे संसाराची दगदग नाही, मारामाऱ्या नाहीत. दिवसभर माझ्या आरामखुर्चीत लोळावे आणि दोन वेळ दूध-भाकरी खावी हा दिनक्रम. आमचे वैराग म्हणजे बार्शी तालुक्यातला ज्वारीचा मुलूख. त्यात माझी आई वारकरी, तुळशीची माळ घातलेली. तेव्हा घरात मांसमच्छी नाही. माणसांनी भाकरी खायची आणि मांजरानेही भाकरीच खायची. पंत त्या अन्नावर चांगले लठ्ठ झाले होते आणि आम्ही त्या लठ्ठपणाला तब्येत समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात पंत पाणी फार पिऊ लागले. आमच्याकडचा उन्हाळा असा, की कोणी पाणी फार प्याले तर त्याचे नवल वाटू नये. भांडे रिकामे दिसले की आम्ही ते भरत होतो. खाणेही वाढले होते, पण पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एक दिवस त्यांनी ओट्यावर उडी मारली आणि ते खाली पडले. चालताना मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकत होते, सशासारखे.

निदान केले ते आईने. परसात पंतांची बसायची एक ठरलेली जागा आहे. तिथल्या मातीला मुंग्यांची रांग लागलेली तिने पाहिली आणि मला हाक मारली.

"आरं, हिकडं ये. ह्याला माझाच रोग लागलाय."

मी हसलो. हसायला नको होते. आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिले ते मूत्रातल्या गोडीवरून, आणि मुंग्या लागणे ही त्यांचीही खूण होती. बारा वर्षे गोळ्या खाणाऱ्या माझ्या आईला ती खूण कोणी शिकवावी लागली नाही.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात खिलार बैलांवर आणि म्हशींवर बसलेला. त्यांनी पंतांना तपासले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "सर, सोलापूरला न्या. तिथं रक्त तपासून घ्या." टोपलीला झाकण बांधून मी आणि माझी पत्नी एस.टी.ने सोलापूरला गेलो. वाटेत पंत इतके ओरडले, की कंडक्टरने त्यांचे तिकीट मागायचे तेवढे बाकी ठेवले.

रक्तातली साखर ४१२ निघाली. पण तिथले डॉक्टर लगेच निकाल देईनात. ते म्हणाले, की मांजर घाबरले तरी त्याची साखर चढते, एस.टी.तून आलेल्या मांजराच्या एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. मूत्रातली साखर पाहिली, गेल्या दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी केली, आणि मग शंका उरली नाही.

"याला पूर्वी खाजेसाठी काही इंजेक्शने दिली होती का?" त्यांनी विचारले. दिली होती. कातडीच्या खाजेवर वर्षभर मधूनमधून कोणाकोणाकडून ती घेतली होती आणि दोन दिवसांत खाज थांबते म्हणून आम्ही खूष होतो. ती स्टिरॉइडची होती. लठ्ठ, उतारवयाच्या बोक्याला मधुमेहाकडे ढकलायला एवढे निमित्त पुरते. मला फार अपराध्यासारखे वाटले.

रोग कसा होतो हे डॉक्टरांनी समजावले ते मी घरी आईला तिच्या भाषेत सांगितले. पेवात जोंधळा भरलेला आहे, पण पेवाचे तोंड उघडायला माणूस नाही. मग घरात चूल थंड आणि पोरे उपाशी. रक्तात साखर भरपूर, पण ती स्नायूंना मिळत नाही. पोटातले स्वादुपिंड जे इन्शुलीन तयार करते, ते हे तोंड उघडणारे माणूस. ते कमी पडले किंवा शरीर त्याचे ऐकेना, की बाहेरून द्यावे लागते. इन्शुलीन पोटात गेले तर पचून जाते, म्हणून सुई.

'सुई' हा शब्द ऐकताच आई उठून आत गेली. त्याचे कारण आम्हां सर्वांना ठाऊक होते. गोळ्या पुरेनाशा झाल्या आहेत, इन्शुलीन सुरू करा, असे बार्शीच्या डॉक्टरांनी तिला दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. पण माझ्या मावशीला इन्शुलीन सुरू झाले आणि चार महिन्यांत ती गेली. ती गेली मूत्रपिंडे निकामी होऊन. सुई सुरू झाली तेव्हाच फार उशीर झाला होता. आईच्या हिशेबात मात्र सुई लागली की माणूस संपले. मी एम.ए. झालेला, वर्गात तासभर बोलणारा माणूस. पण दोन वर्षे बोलून तिचे मन वळवू शकलो नव्हतो.

पंतांचा डोस ठरला दर बारा तासांनी एक युनिट. त्यांना दिलेल्या ग्लार्जिन जातीच्या इन्शुलीनमध्ये एका मिलिलिटरला शंभर युनिट असतात, म्हणजे एक युनिट हा मिलिलिटरचा शंभरावा भाग. दवाचा थेंबही याहून मोठा. डॉक्टरांनी मला साध्या पाण्याने मोसंब्यावर सराव करायला लावला. नियम थोडके होते. आधी खाऊ घालायचे, मग सुई. खाल्ले नाही किंवा ओकारी झाली तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचे. मानेची नाहीतर कुशीची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्याच्या पायथ्याशी सुई घालायची. औषध आत गेले की केसांवर सांडले याची शंका आली, तरी पुन्हा टोचायचे नाही. एक डोस चुकल्याने बिघडत नाही, दोन पडले तर जीव जातो.

पहिल्या संध्याकाळी माझे हात कापत होते. सुई एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. पंतांचे केस तेवढे ओले झाले. पंत मान न वळवता खात राहिले. चौथ्या दिवशी पत्नीने सुई माझ्या हातातून घेतली आणि तिने ती अशी टोचली, की बाजूला उभे असलेल्या मलाही कळले नाही. तेव्हापासून ते खाते तिच्याकडे गेले आणि माझ्याकडे चोपडी आली. किती खाल्ले, किती पाणी प्याले, कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबात साखर किती, याची मी रोज नोंद करू लागलो.

आहाराचा प्रश्न अधिक कठीण होता. मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी; त्याचे शरीर भाकरीसाठी घडलेलेच नाही. डॉक्टरांनी दूध-भाकरी बंद करून मांस द्यायला सांगितले. मी चाचरत आईसमोर विषय काढला. ती थोडा वेळ माळेवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या न्हाई." शेजारच्या चाचींनी कोंबडी उकडून द्यायचे पत्करले. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण ते मांजराला विषासारखे. चाची म्हणाल्या, "सर, असलं बेचव मी आमच्या आजाऱ्यालाही दिलं नव्हतं." पंत ते परसातल्या पारावर बसून खात. घराची सोवळी-ओवळी अशा तऱ्हेने शाबूत राहिली.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. "सर, माणसाला औषध मिळेना आणि तुम्ही मांजराला सुया टोचता?" असे एका सद्गृहस्थांनी मला भर चौकात विचारले. प्रश्न खोटा नव्हता. दुष्काळ पाहिलेल्या गावात तो विचारला जाणारच. मी त्यांना एक हकिकत सांगितली. १८८९ साली स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कुठे आहे ते तेव्हा कळले. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलीन शोधले तेही कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. ती नीट लागू पडली नाही, बारा दिवसांनी अधिक शुद्ध औषध दिले तेव्हा साखर उतरली. शोधकर्त्यांनी पुढे आपले हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. त्यानंतर साठ वर्षे जगातले मधुमेही जगले ते कत्तलखान्यातल्या गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्शुलीनवर. जंतूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्शुलीन बाजारात आले ते १९८२ पासून. म्हणजे हे औषध जनावरांनी आपल्याला दिले. त्यातला एक शतांश मिलिलिटर परत गेला तर हिशेब चुकत नाही.

ते गृहस्थ "असं होय?" म्हणाले. पटले की नाही, ठाऊक नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट. आषाढात सुया संपल्या. नेहमीच्या नारिंगी टोपणाच्या सुया दुकानात नव्हत्या, लाल टोपणाच्या होत्या. मी घाईत होतो. सुई ती सुई, असे म्हणून घेऊन आलो. आपल्या देशात माणसांच्या इन्शुलीनच्या ज्या कुप्या सर्रास वापरल्या जातात त्यांत मिलिलिटरला चाळीस युनिट असतात आणि लाल टोपणाची सुई त्यांच्यासाठी असते. शंभराच्या औषधासाठी नारिंगी. लाल सुईच्या एका रेघेपर्यंत शंभराचे औषध भरले, की एकाऐवजी अडीच युनिट जाते. पत्नीने रेघ अचूक पाळली. सुईच चुकीची, तिला काय ठाऊक!

दोन दिवस असे गेले. दुसऱ्या रात्री बाराच्या सुमारास आईने हाक मारली. पंत दारूड्यासारखे झोकांड्या खात होते, मान एका बाजूला कलत होती. कानाचा थेंब तपासला तर आकडा ४८. मी सुन्न उभा होतो. आईनेच फडताळातून मधाची बाटली काढली आणि बोटाने मध त्यांच्या हिरड्यांना चोळू लागली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "तेच करा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. सावध झाला की खायला घाला, आणि दर अर्ध्या तासाला साखर पाहा. झटके आले तर तसेच निघा." पहाटे तीनला पंत उठून बसले आणि पारावरचे उरलेसुरले खाऊन आले. तोवर दिव्याखाली बसून मी दोन्ही सुया शेजारी ठेवल्या होत्या आणि माझी चूक मला दिसली होती.

मी आईला ती दाखवली. मनात म्हणत होतो, आता ही उभ्या जन्मात सुई घेणार नाही. तिने लाल आणि नारिंगी टोपणे हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"म्हंजी औषध वाईट न्हाई. हात चुकला."

"हो आई. माझा चुकला."

"आक्काचंबी औषध वाईट नव्हतं. उशीर झाला हुता." मग थोड्या वेळाने, पंतांच्या पाठीवरून हात फिरवत, "मला बार्शीला ने. पर सुई सूनबाईनं द्यायची. तू न्हाई."

त्या वाक्यात माझ्या विद्वत्तेचा जो निकाल लागला तो मी आनंदाने मान्य केला.

आईचे इन्शुलीन चाळिसाचे, लाल टोपणाचे. म्हणून आता आमच्याकडे दोन डबे आहेत, एकावर 'आई' आणि दुसऱ्यावर 'पंत' असे ठळक लिहिलेले. औषधे शीतकपाटात, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण गोठलेले इन्शुलीन निकामी होते. वीज गेली की ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या घड्यात. चोपडीत दोन रकाने पडले. आईला अक्षरओळख बेताची. पण आकडे वाचता येतात. रोज सकाळी ती आधी पंतांचा आकडा विचारते, मग स्वतःचा.

लवकर उपचार झाले आणि आहार बदलला, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कामाला लागते. पंतांचे लागले. श्रावणात डोस अर्ध्यावर आला आणि गणपतीनंतर डॉक्टरांनी सुई थांबवली. रोग पुन्हा उलटू शकतो, म्हणून आठवड्याला कान टोचावाच लागतो. मागचे पाय सुधारले आहेत. ओट्यावर अजून उडी जमत नाही, आरामखुर्चीवर जमते.

"त्याची सुटली," आई म्हणाली, "माझी काय सुटायची न्हाई." मी खोटे बोललो नाही. "नाही सुटायची," म्हणालो. तिने मान डोलावली आणि पदर सावरून दंड पुढे केला. सात वाजले होते.

परवा तिला मी सांगत होतो, की इन्शुलीनच्या साखळीत एक्कावन्न कड्या असतात. मांजराची साखळी माणसाहून चार कड्यांनी वेगळी, पण गाईहून एकाच कडीने. तिने ते फार लक्ष देऊन ऐकले. आता वसुबारस आली आहे. शेजारच्या गोठ्यात गाय-वासराला ओवाळायला ती जाईल तेव्हा पंतही पायात घोटाळत मागून जातील. निरांजन एकदा त्यांच्यापुढूनही फिरवायचे, असे तिने ठरवले आहे. करंजी मात्र दोघांनाही मिळणार नाही.