लाडांची लेक, पडद्यावरची राणी

बोलपटाचा जमाना नुकताच सुरू झाला होता. सिनेमात काम करणे हा कुलीन घरच्या बायकांचा उद्योग नव्हे, असेच तेव्हा समाज मानत असे. पुरुषांनी लुगडी नेसून नायिका रंगवल्याला वीस वर्षेही उलटली नव्हती. अशा वेळी मुंबईतल्या एका नामवंत सॉलिसिटरची कॉलेजात शिकलेली मुलगी, दोन मुलांची आई, पडद्यावर आली. तिचे नाव दुर्गा खोटे.

१४ जानेवारी १९०५ रोजी लाड कुटुंबात जन्मलेल्या दुर्गाबाईंचे शिक्षण कॅथिड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. लग्न लवकरच झाले आणि सासरही धनाढ्य मिळाले. पण खोट्यांची सांपत्तिक स्थिती पुढे ढासळली. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी बकुळ आणि हरीन हे दोन मुलगे. घर चालवायचे तर कमावणे भाग होते. पडद्याची हौस म्हणून त्या या धंद्यात आल्या नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे.

पहिली संधी मात्र चांगलीच पोळणारी ठरली. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक छोटी भूमिका केली. बाकीचा चित्रपट कसा आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. जाहिरातीत मात्र माहेर-सासरच्या घराण्यांची नावे झळकली. चित्रपट सुमार निघाला आणि नातलगांत, समाजात निंदेला ऊत आला. दुसरी कोणी असती तर पुन्हा स्टुडिओची पायरी चढली नसती.

नेमक्या त्याच कामामुळे व्ही. शांताराम यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, तर दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायनाची सोय नव्हती. गाणीही स्वतःच म्हणायची. चित्रपट गाजला आणि कालपर्यंत नाके मुरडणारेच कौतुक करू लागले. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या राणी झाल्या, शेजारी पाळीव चित्ता! ‘अमरज्योती’तली (१९३६) सूडाने पेटलेली सागरी लुटारू सौदामिनी तर त्याहून धीट. सोशिक तारामतीच्या साच्यात त्या अडकल्या नाहीत, हे त्यांचे खरे यश.

तेव्हा कलावंत एकाच कंपनीत महिना पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असे सगळीकडे काम केले. कलकत्त्यात देवकी बोस यांच्या ‘सीता’त (१९३४) त्या नायिका होत्या, हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३७ मध्ये त्यांनी ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शनही केले. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तली त्यांची आनंदीबाई जुने प्रेक्षक विसरले नाहीत.

वय वाढले तशा त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) बादशहा नवरा आणि बंडखोर मुलगा यांच्यात चिरडलेली जोधाबाई त्यांनी साकारली. ‘बिदाई’साठी (१९७४) फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही. दूरदर्शनवर १९८८ साली घरोघरी पोचलेली ‘वागळे की दुनिया’ त्यांच्याच निर्मितिसंस्थेची, हे अनेकांना ठाऊक नसते.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्यांनी मराठीतच लिहिले आणि ज्या आडनावावरून एकेकाळी गहजब झाला, तेच मथळ्यात ठेवले – ‘मी, दुर्गा खोटे’.