ढाल जाड का नसते?

नॉर्वेतील गोकस्टाड येथे 1880 मध्ये उत्खननात मिळालेल्या व्हायकिंग जहाजावर 64 गोल ढाली होत्या. सुमारे 94 सेंटिमीटर व्यासाच्या या ढाली पाइनच्या पातळ फळ्या कडेला कड लावून केलेल्या असून आळीपाळीने पिवळ्या व काळ्या रंगवलेल्या होत्या. जाड ढाल अधिक चांगली ही समजूत मुळातच फसवी आहे, कारण जड ढाल पेलणारा हात लवकर थकतो आणि थकलेला हात खाली येतो. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते. म्हणून आज सरावासाठी ढाल करणारे बहुधा प्लायवूड घेतात, ज्यातील थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने एका थरातली चीर पुढच्या थरात अडते. मध्यभागी मूठ मावेल एवढे भोक पाडून त्यावर पुढून लोखंडी वाटी, म्हणजे बोटे वाचवणारे घुमटाकार कवच, बसवतात. खरी कसोटी कडेची, कारण पुष्कळसे घाव तिथेच बसतात: न कमावलेल्या कातड्याची पट्टी पाण्यात भिजवून, मऊ झाल्यावर कडेवर दुमडून शिवली, की वाळताना ती आक्रसते आणि तबल्याच्या पुडीसारखी ताठ बसते, मात्र पावसात भिजल्यास तीच पट्टी पुन्हा सैल पडते.