कारणं वेगळी, कायदा एक: रोजगार हमीची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं, "सर, विरोधकांशी बोलणी म्हणजे शेवटी सेटिंगच ना?" प्रश्न कडू आहे, पण टाळण्यासारखा नाही. आज इथे बुलढाण्यात त्याचं उत्तर एका कायद्याच्या गोष्टीतून देतो.

1972 चा दुष्काळ. मी तेव्हा कॉलेजात होतो. खडी फोडणारी माणसं, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनचा लाल मिलो... इथल्या म्हाताऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पण दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. पाऊस पडला की काम बंद. काम मागणं हा माणसाचा हक्क, असं कायद्यात लिहायचं तर वेगळं राजकारण लागतं.

कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला. पुढे रेटा लावला तो विरोधकांनी: समाजवादी मृणाल गोरे, शेकापचे गणपतराव देशमुख. पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराकडून कापलेली रक्कम आणि तेवढाच सरकारचा हिस्सा.

आता बघा, कोण कशासाठी तयार झालं. बड्या शेतकऱ्याला रस्ते आणि पाझर तलाव हवे होते. डाव्यांना मजुराचा हक्क हवा होता. मुंबईला गावाकडून येणारे लोंढे नको होते. ऑगस्ट 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने मंजूर केला. आणि वेळ कोणती? आणीबाणी नुकतीच उठलेली, मनं दुखावलेली. राज्यात वसंतदादांचं काँग्रेस सरकार, दिल्लीत जनता पक्षाचं. राष्ट्रपतींची संमती ऑक्टोबर 1978 मध्ये आली, तोवर मुंबईत शरद पवारांचं पुलोद सरकार बसलेलं. त्यात जनता पक्ष होता, शेकाप होता. 26 जानेवारी 1979 पासून कायदा लागू झाला. एका सरकारने मंजूर केलेला कायदा दुसऱ्याने अमलात आणला.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने 1987 च्या एका निबंधात सहमतीचे दोन प्रकार वेगळे केले. एक, बळ सारखं आहे म्हणून केलेला समेट. बळ बदललं की तो मोडतो. दुसरी सहमती अशी, की प्रत्येक जण आपापल्या विचारातून तीच गोष्ट न्याय्य मानतो. ती सत्तापालटानंतरही टिकते.

प्रामाणिकपणे सांगतो, रोजगार हमी सुरुवातीला बरीचशी पहिल्या प्रकारची होती, स्वार्थांची जुळणी. तिची किंमतही मोजावी लागली. मजुराला मजुरी मिळाली, पण पाझर तलावाचं पाणी ज्याची जमीन त्याच्याच विहिरीत उतरलं. तरी सरकारं बदलली आणि हक्क उरला. 2005 मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

तर त्या तरुणाला माझं उत्तर असं. दोन पक्ष एकत्र बसले की नुसतं कोण कोणाला भेटलं हे बघू नको. त्या बैठकीत नसलेल्या माणसाच्या हातात काय पडलं, ते विचार. काही पडलं नसेल तर सेटिंग म्हण. उद्या सरकार पडलं तरी त्याला हक्काने मागता येईल असं काही पडलं असेल, तर त्याला राजकारण म्हणायचं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.